झबल्यातले चार सेन्सर आणि एक घोडियुं : बडोद्यातलं एक प्रकरण

काम आलं ते असं. इथल्या एका संशोधन गटाला ३ ते ९ महिन्यांच्या बाळांची हातापायांची हालचाल घरच्या घरी मोजायची होती. सकाळी अंघोळ झाली की घालायचं, संध्याकाळी काढायचं, मधले सात-आठ तास बाळ आपलं आपलं जगतंय आणि सेन्सर लिहून घेतोय, असं. मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, सर्किट आम्ही करतो आणि प्लास्टिकचं काम शेजारच्या डायवाल्या (म्हणजे साचेवाल्या) काकांकडे. हे काम आमच्याकडे आलं त्यात आमची काही फार मोठी हुशारी नव्हती, नगच इतके कमी होते की मोठे लोक कोटेशनसुद्धा देईनात.

घरीच का मोजायचं हे आधी सांगतो, पुढचं सगळं त्यावरच अडकलंय. हाइन्झ प्रेख्टल या डॉक्टरांनी बसवलेली एक पद्धत आहे, त्यात शिकलेला माणूस नुसता व्हिडिओ बघून सांगतो की साधारण ९ ते २० आठवड्यांच्या बाळात ती बारीक, सतत चालणारी, मान-धड-हातपाय सगळीकडे फिरणारी वळवळ आहे की नाही. ती अजिबातच दिसत नसेल तर पुढे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालीवर होणारा परिणाम) निघण्याची शक्यता बरीच वाढते. पण त्यासाठी बाळ जागं पाहिजे, शांत पाहिजे, भुकेलेलं नको, रडत नको, आणि ओपीडीच्या गर्दीत असं बाळ मिळणं म्हणजे नशीबच. त्यापुढचं वय घेतलं तर आणखी वेगळी भानगड. डब्ल्यूएचओच्या अभ्यासात निरोगी बाळं आधाराशिवाय बसायला लागली ती ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत कधीही, रांगायला लागली ५.२ ते १३.५ मध्ये, आणि शंभरातली चारेक तर गुडघ्यावर रांगलीच नाहीत, डायरेक्ट पुढे. एवढा मोठा पट्टा असेल तर एका दिवशी दहा मिनिटं बघून काय कळणार?

हेलसिंकीच्या एका गटाने २०२० साली यावर चार सेन्सरवाला जंपसूट दाखवला, दोन दंडांवर आणि दोन मांड्यांवर. आमच्या मंडळींच्या डोक्यात तेच होतं. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. भारतीय बाळं कधी काय करतात याची मापं मुळात बडोद्यातच घेतली गेलीयत. डॉ. प्रमिला फाटक यांनी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या तेव्हाच्या गृहविज्ञान शाखेतून १ ते ३० महिन्यांच्या बाळांचा अभ्यास केला, १९७० चा अहवाल आहे. त्यातूनच पुढे डीएएसआयआय ही मोजपट्टी आली, ६७ बाबी हालचालीच्या आणि १६३ बौद्धिक. १९९१ मध्ये त्यातून ५४ बाबींची छोटी बडोदा स्क्रीनिंग टेस्ट निघाली. दांडिया बाजारात राहून आम्हाला हे ठाऊक नव्हतं, संशोधन गटातल्या एका मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. सेन्सरचा आकडा ताडून बघायला ही मोजपट्टी जवळच होती, फिनलंडची आणायची गरज नव्हती.

वजन, आकार आणि तो सिलिंडर

सगळ्यात आधी वजन ठरवलं, चिप नंतर. याला कारण एस्थर थेलन यांचं १९८४ चं काम. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि दोनेक महिन्यांत ते बंद होतं, लोक समजत होते की मेंदू मोठा झाला म्हणून. थेलन यांनी बाळाच्या पायाला छोटी वजनं बांधली तर पावलं कमी झाली, आणि पाय पाण्यात धरले तर परत वाढली. म्हणजे पाय जड झाले, चरबी वाढली आणि ताकद त्या मानाने वाढली नाही, एवढंच. आता ज्याला हे माहीत आहे तो बाळाच्या पायावर जड डबी बांधून 'हालचाल कमी आहे' असा निष्कर्ष काढणार नाही. म्हणून जागा ठरली दंड आणि मांडी, घोटा नाही. घोट्यावर हालचाल मोठी दिसते हे खरं, पण तिथे घेतलेला प्रत्येक ग्रॅम पायाला जास्त जाणवतो, आणि पाच-सहा महिन्यांचं बाळ पाय उचलून थेट तोंडात घालतं. शिवाय तिथे आधीच चांदीचे वाळे असतात. बारशाला घातलेले वाळे आमच्या डबीसाठी काढून ठेवा असं कुठल्या आजीला सांगणार?

आकाराची कथा लांब आहे. पहिलं डिझाइन दिसायला फार छान होतं, लांबट गोल, ३८ बाय २४ मिलिमीटर, जाडी ९, हातात घेतलं की सोडवत नव्हतं. पण खेळण्यांच्या सेफ्टीसाठी एक सिलिंडर असतो, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, एका बाजूला खोली २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. साधारण लहान मुलाच्या घशाचं ते माप. वस्तू कशीही फिरवून, न दाबता त्यात पूर्ण मावली की ती लहान मुलांना द्यायची नाही, विषय संपला. आमची लांबट डबी उभी धरून सोडली तर सरळ तळाशी गेली. कोणी म्हणेल आपलं यंत्र खेळणं थोडंच आहे, खेळण्यांचं ते मानक, आयएस ९८७३, आपल्याला कुठे लागू होतं. कागदावर नसेल होत, पण बाळाला ते कोण सांगणार, त्याच्या दृष्टीने हाताला लागलेली प्रत्येक वस्तू आधी चाखायची असते.

मग ३६ मिलिमीटर व्यासाची चकती केली, ती कशीही धरली तरी ३१.७ मध्ये जाऊच शकत नाही. झालं, एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला, कारण गोल चकती झबल्याच्या खिशात फिरते. सेन्सरला तीन दिशा असतात, सकाळी जी दिशा वर होती ती दुपारी बाजूला गेली तर डेटा घेऊन करायचं काय. शेवटी चकतीची एक कड २ मिलिमीटरने सपाट कापली आणि खिशाची शिवणही तशीच सपाट. आडवं माप ३४ राहिलं, सिलिंडरला अजूनही जाड, आणि डबी खिशात एकाच प्रकारे बसते. चार डब्यांना चार रंग दिले आणि खिशाच्या कडेला त्याच रंगाचा दोरा, नाहीतर डावा हात आणि उजवी मांडी यांची अदलाबदल होणार हे नक्की होतं.

बटणसेलचा विचार पहिल्याच मीटिंगला बाद केला. २० मिलिमीटरचा लिथियम सेल बाळाच्या अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून करंट वाहून तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांतसुद्धा गंभीर भाजू शकतं. डबी कितीही घट्ट असली तरी सेल बदलायचं झाकण म्हणजे उघडणारं झाकण. त्यामुळे आत छोटी लिपो बॅटरी, कायमची बंद, स्क्रू नाही, झाकण नाही, चार्जिंगला पिना नाहीत, पॅडवर ठेवून वायरलेस. पिना नकोत यामागे लाळ. लाळ, घाम आणि तेल तिन्ही मिळून पिनांचं जे करतात ते एकदा बघितलं की परत कोणी पिना लावत नाही.

आता डबी कायमची बंद करायची म्हणजे अल्ट्रासॉनिक वेल्डिंग, बारीक वेगवान हादऱ्यांनी प्लास्टिक वितळवून जोडायचं, सगळे तेच करतात, स्वस्त आणि झटपट. मशीन २० किलोहर्ट्झवर चालतं. डब्या बंद झाल्या, टेबलावर टेस्ट घेतली तर काही नगांत एक्सेलेरोमीटर (वेगातला बदल मोजणारा) ठीक आणि जायरो (फिरणं मोजणारा) मेलेला. जायरोच्या चिपमध्ये सिलिकॉनचा बारीक सांगाडा असतो तो सतत थरथरवून फिरणं मोजतात, आणि ती थरथर साधारण याच पट्ट्यातली असते. बाहेरून त्याच तालावर हादरे दिले की आतला सांगाडा तुटतो. आपल्याकडे हे फारसं कोणी सांगत नाही, डेटाशीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात इशारा असतो तो आपण वाचत नाही. वेल्डिंग सोडून युव्ही ग्लू, म्हणजे प्रकाश पडला की घट्ट होणारा डिंक, घेतला, त्यासाठी खालचा अर्धा भाग पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा करावा लागला म्हणजे प्रकाश सांध्यापर्यंत पोचतो.

डायवाल्या काकांचं एक सांगायलाच पाहिजे. पहिले नग निघाले तेव्हा मी व्हर्नियर घेऊन मापं बघत बसलो होतो. काकांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. खिशातून कापसाचा बोळा काढला, हलक्या हाताने डबीच्या सांध्यावरून गोल फिरवला आणि माझ्यापुढे धरला. डबीच्या एका बाजूला कापसाचे दोन-तीन तंतू अडकले होते. "भाऊ, माप तर बरोबर आहे हां तुमचं. पण हे बघा, इथे फ्लॅश आहे. हे मांडीवर आठ तास घासलं तर काय होईल ते तुम्हीच बोला." फ्लॅश म्हणजे साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेली प्लास्टिकची बारीक कड. बोटाला मला काहीच लागत नव्हतं. त्यांनी डायची ती कड परत घासली, बोळा परत फिरवला, अडकेना तेव्हा पुढे गेले. आता आमच्या तपासणीच्या कागदावर व्हर्नियरच्या खाली 'कापूस' असा रकाना आहे आणि प्रत्येक डबी त्यातून जाते.

कापड, तेल, नाड्या

कपड्याबद्दल थोडक्यात. गटाच्या मूळ कागदात चिकटपट्टीवाला सेन्सर असा पर्याय होता, डायरेक्ट कातडीवर. बडोद्यातल्या मराठी काय आणि गुजराती काय, कुठल्याही घरात सकाळी बाळाला तेलाने मालिश होतंच, त्यामुळे चिकटपट्टी दुपारपर्यंत दुपट्यात सापडणार हे सांगायला पायलटची, म्हणजे छोट्या चाचणीची, गरज नव्हती. होजिअरीचं झबलं आणि सैल चड्डी केली, खिसे बाहेरून पण त्यांची तोंडं आतल्या बाजूला, म्हणजे बाळाच्या हाताला उघडता येत नाहीत. टिचबटणं टाळली कारण निघालं तर ते पण त्या सिलिंडरमध्ये मावतं. वेलक्रो टाळला कारण टोचतो आणि धुतल्यावर त्यात लोकर भरते. राहिल्या नाड्या, त्या बाजूला, आखूड, मानेजवळ एकही नाही, आणि पाठीवर गाठ नाही कारण बाळ उताणं झोपतं. थोडक्यात आपलं जुनं बाजूला बांधायचं झबलंच झालं. शिवणाऱ्या ताई म्हणाल्या, "एवढ्या मीटिंगा केल्यात, आधी मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी शिवून दिलं असतं." खरंय.

माइक ठेवायचा नाही हे गटाने सुरुवातीलाच ठरवलं. बाळाच्या खिशातला रेकॉर्डर दिवसभराचं बोलणं टिपतो, परदेशात लेना नावाचं असं यंत्र भाषेच्या अभ्यासाला वापरतात आणि ते कामाचं आहे, पण एकत्र कुटुंबात दिवसभराचं बोलणं म्हणजे सासू-सून, जमिनीचे वाद, शेजारणीचं सगळं. एथिक्स कमिटीसमोर ते घेऊन जायला कोणी तयार नव्हतं, आणि हालचालीच्या अभ्यासाला त्याची गरजही नव्हती. ब्लूटूथसुद्धा बाळाच्या अंगावर असताना बंद. त्यात दोन फायदे, बॅटरी टिकते आणि 'किरणं निघतात का हो' या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणता येतं. डेटा डबीतच साठतो. हिशोब सोपा आहे, चार डब्या, प्रत्येकी सहा आकडे, दोन-दोन बाइट, सेकंदाला ५२ वेळा, म्हणजे सेकंदाला अडीच केबी आणि आठ तासांत जवळपास ७२ एमबी. एका डबीच्या वाट्याला १८. त्याला लहानशी फ्लॅश मेमरी पुष्कळ झाली.

दुपारची हालचाल

आता मूळ प्रकरण. पायलटच्या घरांतून पहिला डेटा आला आणि गटातल्या मॅडमचा फोन. म्हणे काही बाळं दुपारी एक ते चार या वेळात जबरदस्त हालचाल करतायत, चारही हातपाय, एका लयीत, वीस-वीस मिनिटं न थांबता. सेकंदाला साधारण १.३ वेळा, बाळ जोरात पाय मारतं तेव्हा साधारण अशीच लय असते, त्यामुळे सॉफ्टवेअरने ते 'जागं आणि सक्रिय' मध्ये टाकलं होतं. आईच्या डायरीत त्याच वेळेला लिहिलंय : झोपला. आधी शंका सेन्सरवर गेली, मग डबीतल्या प्रोग्रॅमवर (फर्मवेअरवर), मग आईच्या डायरीवर. त्या शेवटच्या शंकेचा मला जरा रागच आला, दुपारी बाळ झोपलं की नाही हे त्याच्या आईपेक्षा चांगलं कोणाला कळणार.

उत्तर घरात जाऊन बघितल्यावर दोन मिनिटांत मिळालं. घोडियुं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, लाकडी किंवा लोखंडी स्टँडला टांगलेली कापडाची झोळी, गुजरातेत घरोघर असते आणि इथल्या मराठी घरांतही पाळण्याची जागा तिनेच घेतलीय. तिला एक दोरी. आजी खाली बसून मटार सोलत होत्या, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला आणि पाय आपला चाललाय, त्यांचं लक्षही नव्हतं तिकडे. बाळ आत गाढ.

इथवर सोपं होतं, पण एक गोष्ट जुळत नव्हती. झोळीची लांबी साधारण ६० सेंटिमीटर. लंबकाचं शाळेतलं सूत्र लावलं तर एका झोक्याला दीड सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ, म्हणजे सेकंदाला ०.६४ झोके. डेटात दिसतंय १.३. बरोबर दुप्पट. सूत्र चुकलं का, लांबी चुकली का, सगळं झालं. खरं कारण असं की मोकळ्या झोक्यात एक्सेलेरोमीटरला पुढे-मागे जाणं जवळजवळ दिसतच नाही, कारण तिथे गुरुत्वाकर्षणाचा भाग आणि प्रत्यक्ष वेग घेणं हे एकमेकांना खाऊन टाकतात. त्याला दिसतो तो फक्त दोरीचा ताण. झोका तळाशी आला की ताण सगळ्यात जास्त, दोन्ही टोकांना सगळ्यात कमी, आणि एका पूर्ण झोक्यात तळ दोनदा येतो. २० अंशांचा झोका धरला तर टोकाला ०.९४ जी आणि तळाशी १.१२ जी (१ जी म्हणजे नेहमीचं गुरुत्वाकर्षण). म्हणून दुप्पट. नशीब बघा कसं, खऱ्या लयीवर दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं असतं की हा झोका आहे, पण दुप्पट होऊन ते बरोबर बाळाच्या पायांच्या लयीवर जाऊन बसलं.

गटातून पहिली सूचना आली की घरच्यांना सांगू, मोजणीच्या दिवशी घोडियुं वापरू नका. आजींना विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अरे, झोका दिल्याशिवाय तो झोपत नाही, आणि झोपला नाही तर दिवसभर किरकिर. मग तुम्ही मोजणार काय, किरकिर?" मलाही पटलं. घरचं बाळ घरच्यासारखं बघायचं म्हणून एवढा उपद्व्याप केला, आता घरच बदलून टाकलं तर आकडा कोणाचा येणार.

मग जायरोकडे वळलो. झोळी फिरते तेव्हा तिच्यातली प्रत्येक वस्तू एकाच वेगाने फिरते, डावा दंड काय आणि उजवी मांडी काय. जायरोवर झोका त्याच्या खऱ्या ०.६४ च्या लयीत दिसतो, आणि चारही डब्यांवर सारखाच. बाळाने स्वतः पाय मारला तर तो एका-दोन डब्यांवर दिसेल, चारही ठिकाणी तंतोतंत सारखा कधीच नाही. तर नियम असा बसवला : चारही डब्यांवर फिरण्याचा वेग सारखा, आणि एक्सेलेरोमीटरची लय जायरोच्या दुप्पट, असं दिसलं की तो झोका, तेवढा सामाईक भाग वजा करायचा आणि उरेल ते बाळाचं. झोपेत दचकून हात उडवला तर तो त्या उरलेल्यात सापडतो. नुसता झोक्याचा वेळ कापून फेकला असता तर हे दचकणंही गेलं असतं.

हे सकाळच्या डेटावर मस्त चाललं. चार वाजताच्या डेटावर भूत परत हजर. कारण घड्याळं. प्रत्येक डबीत तिचा स्वतःचा क्रिस्टल, दहा लाखात २० चा फरक त्यात धरलेलाच असतो, ऐकायला काहीच नाही वाटत पण आठ तासांत तो अर्ध्या सेकंदाच्या वर जातो. एक डबी पुढे आणि दुसरी मागे गेली तर सेकंदभराचं अंतर, म्हणजे ५०-६० नोंदी. अशा दोन डब्यांतून सामाईक भाग वजा करायला गेलं की वजा होण्याऐवजी नवाच गोंधळ तयार होतो. रेडिओ बंद ठेवलाय त्यामुळे मध्येच एकमेकांशी वेळ जुळवायची सोय नाही, आणि रेडिओ चालू करायचा नाही हे तर घरच्यांना सांगून बसलोय.

यावरचा उपाय मला या सगळ्या कामातला सगळ्यात आवडलेला भाग आहे, आणि तो गटातल्या एका विद्यार्थिनीने काढला. तिचं म्हणणं, झोका जर चारही डब्यांना एकाच क्षणी एकसारखा बसतो तर तोच घड्याळ धरा ना. दुपारच्या झोक्यात चार डब्यांचे आलेख एकमेकांवर सरकवून बघा, जिथे बसतील तेवढा त्यांचा वेळेचा फरक. एकसारख्या लाटा असल्यामुळे एक लाट इकडे-तिकडे धरली जायची भीती असते, म्हणून झोका सुरू होतो आणि थांबतो तिथला भाग पकडायचा, कारण आजी काही मेट्रोनोम नाहीत, दर वेळी वेगळं सुरू होतं. सकाळी घालायच्या आधी चारही डब्या एका ट्रेमध्ये ठेवून ट्रे तीनदा तिरपा करायचा, संध्याकाळी तसंच, आणि मधलं काम झोका करतो. ज्या घरात घोडियुं नाही तिथे फक्त दोन टोकांच्या ट्रेवर भागवतो आणि मधला फरक सरळ रेषेत वाटून टाकतो, तेवढं नेमकं येत नाही पण तिथे झोका वजाही करायचा नसतो.

पाचवी डबी आम्ही त्यानंतर केली, घोडियाच्या झोळीला खालून अडकवायची. तिच्यामुळे झोका कधी चालू होता हे अंदाजावर राहिलं नाही. हिला रंग करडा आणि क्लिप मोठी, झबल्याच्या खिशात जातच नाही अशी, कारण घाईत पाचवीच बाळाच्या अंगावर आणि लाल डबी झोळीला असं कधीतरी होणारच.

बाकी ज्या हालचाली बाळाच्या नाहीत त्यांची यादी मोठी आहे. कडेवर घेऊन चालणं, मांडीवर हलवणं, ॲक्टिवावर आई-बाबांच्या मध्ये बसून मांडवीपर्यंतची चक्कर. कडेवरचं चालणं पावलांच्या लयीमुळे ओळखू येतं. मालिश मात्र अवघड, आजी हात-पाय धरून उलटसुलट घेतात, प्रत्येक पाय वेगळा, एकदम बाळाने केल्यासारखा. पण मालिशच्या आधी झबलं तेलामुळे काढावंच लागतं, त्यामुळे तो प्रश्न आम्ही न सोडवताच सुटला.

परवानगीचं काम बरंच कागदी होतं, आयसीएमआरची २०१७ ची मुलांवरच्या संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून आई-वडिलांची लेखी संमती, गुजरातीत आणि मराठीत, आणि कधीही, कारण न देता बाहेर पडायची मुभा. त्यात एक ओळ ठळक टाकली की हे यंत्र निदान करत नाही. तरी प्रत्येक घरात झबलं परत घेताना प्रश्न येतोच, "सर, आमचा नॉर्मल आहे ना?" मी इंजिनियर माणूस, मला आलेख दिसतो, आणि आलेख बघून बोलायचा मोह होतो हे खरं आहे. पण उत्तर एकच ठरलंय : शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तिथे तपासणीच्या रीतसर टेस्ट आहेत, आमच्या आकड्याला अजून ते वजन नाही.

दुसऱ्या लॉटला जाताना राहिलेली कामं अशी. मे महिन्यात चार्जिंग होत नाही अशी तक्रार आली, ती खरी आहे, ४५ अंशांवर चार्जर स्वतःहून थांबतो आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर खिडकीजवळ ठेवलेलं पॅड तिथपर्यंत सहज पोचतं. ते बंद पडणं बरोबरच आहे, बदलणार नाही, फक्त पॅडवर लाल दिव्याबरोबर 'सावलीत ठेवा' असं चित्र टाकतोय. नऊ महिन्यांच्या बाळांना चड्डी मांडीत घट्ट होते, तो साइज ताईंनी कापायला घेतलाय. ॲक्टिवाचं अजून सुटलेलं नाही, खड्ड्यांना काही लय नसते, त्यामुळे तो वेळ सध्या आईच्या डायरीवरून हाताने कापतो. आणि काकांनी डायसाठी नवीन अट घातलीय की पाचव्या डबीची क्लिप वेगळ्या इन्सर्टमध्ये करा, एकाच डायमध्ये कोंबली तर त्या कडेला परत फ्लॅश येणार. त्याचं ड्रॉइंग या आठवड्यात द्यायचंय.